पाकिटातल्या मतचिठ्ठ्या

ता. ४ जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी मी तुला भोंगाच म्हणते, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पाळण्यात असताना टाहो फोडायचास तसाच अजून फोडतोस, फरक इतकाच की आता तो दर रविवारी पेपरात छापून येतो.

या रविवारी त्या प्रवचनकारांच्या शांतीच्या पुस्तकाला झोडपलंस. तुझी मर्जी. पण ते पुस्तक वाचणाऱ्यांना तू मेंढरं म्हणालास, ते काही मला पटलं नाही. माझ्या वाचनालयात त्या पुस्तकासाठी एकतीस जण नंबर लावून बसलेत आणि त्यात तुझे भावोजी नवव्या नंबरावर आहेत. त्यांनी लेख वाचला, चष्मा पुसला आणि आपला नंबर कधी येतोय एवढंच विचारलं.

तुमच्या पेपरात मतं मांडायला माणसं नेमावी लागतात. इथे ती फुकट मिळतात आणि जास्त खणखणीत असतात. माझी पद्धत तुला माहीतच आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पाकिटात मी एक कोरी चिठ्ठी ठेवते. वाचून झालं की ज्याला वाटेल त्याने आपलं मत लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि पुढच्या वाचकाने ते वाचायचं. बावीस वर्षं हे चाललंय. मला एकूण एक अक्षर ओळखता येतं, पण मी कधी तसं दाखवत नाही.

तर या आठवड्याचा माल ऐक. आपल्या माजी मंत्र्यांच्या आत्मचरित्रात निवृत्त बसड्रायव्हरनी लिहिलंय की या पुस्तकात सगळ्या चुका दुसऱ्यांनी केल्या आहेत, साहेब बहुतेक त्या वेळी बाहेर गेलेले असावेत. शांतीच्या पुस्तकातही त्यांचीच चिठ्ठी आहे, की राग सोडा म्हणणारा माणूस साठाव्या पानावर स्वतःच जाम भडकलाय.

आणि त्याच पुस्तकातली आणखी एक चिठ्ठी वाचून मी हातातलं काम ठेवून दिलं. वाचनालयासमोर सासू-सुनेचं शिवणकामाचं दुकान आहे बघ, सून मशीनवर आणि सासूबाई काजं-बटणं करतात. ही त्या सुनेची. लिहिते, "यातल्या निम्म्यावर माझा विश्वास नाही. प्रार्थना मात्र मी चुकवत नाही, कारण तिथे तासभर बसलं तर कुणी उठवत नाही आणि कुणी काही मागत नाही. देव असेल तर त्याला हे चालत असावं." मोठमोठ्या धर्मपंडितांना इतकं सरळ लिहिता येत नाही रे. हे आपलं तुला म्हणून सांगते.

वहिनीला आठवण सांग. लोभ ठेव आणि भाषा जरा जपून वापर.

तुझी ताई

*

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि मोठ्याने हसलो. संपादकांनी काचेतून डोळे वटारले. हल्ली आमच्याकडे हसण्याला काम चालू नसल्याचा पुरावा मानतात.

खरं सांगू का ताई, मी कंटाळलोय. पूर्वी लेखाला विषय लागायचा, आता नुसता राग लागतो. तीनशे शब्दांत कुणाला तरी आडवा घ्यायचा आणि घरी जायचं. परवा एका वृत्तवाहिनीने मला चर्चेला बोलावलं. पडद्यावर आठ चौकटी, आठ तोंडं, सगळी एकदम चालू. चाळीस मिनिटांत माझ्या वाट्याला 'पण' हा एकच शब्द आला, आणि तोही निवेदिकेने मधेच कापला. निवडणूक जवळ आल्यामुळे सगळे पक्ष धर्माबद्दल बोलतात आणि सगळे धर्मगुरू मतदानाबद्दल. आपापलं काम करायला कुणाला फुरसत नाही.

अशा वेळी तुझ्या त्या चिठ्ठ्या. अगं, ही खरी टीका आहे. आम्ही पगार घेऊन जे करत नाही ते तुझे लोक पुस्तकाच्या पाकिटात करून ठेवतात. मी तीन दिवस त्याच विचारात आहे. येत्या रविवारचा अंक मुद्दाम बघ, आणि भावोजींनाही दाखव. तू खूश होशील अशी खात्री आहे.

मेंढरांबद्दल भावोजींची वैयक्तिक माफी मागतो. बाकीच्या तिसांची नाही. आशीर्वाद असावेत.

तुझा भोंगा

*

ता. १९ जानेवारी

चि. भावास,
आशीर्वाद.

तुझा लेख बघितला. मी खूश नाही.

नावं दिली नाहीस, हा तुझा बचाव असणार, तो आधीच ठेवून दे. "माझ्या बहिणीच्या वाचनालयासमोर, तडा गेलेल्या काचेचा चष्मा लावून शिवणारी एक सून" असं लिहिलंस. चष्म्याचं तर मी लिहिलंही नव्हतं. गेल्या वर्षी आला होतास तेव्हा बघून ठेवलास आणि लेखाला शोभा आणायला वापरलास. अरे, या रस्त्यावर तसा चष्मा एकच आहे.

रविवारी दुपारपर्यंत तो पेपर घरोघर फिरला. प्रार्थनेच्या वेळी दोघीतिघींनी त्या बाईला हसत विचारलं की आज विश्रांतीला आलात का. ती उठून घरी गेली. सासूबाईंनी लेख दुसऱ्याकडून वाचून घेतला, आणि तेव्हापासून त्या सुनेशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. दुकानात दोघी पाठीला पाठ लावून बसतात. सोमवारी ती बाई आली, घरी नेलेली तिन्ही पुस्तकं आणि सभासदाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेली.

आठवड्यात चौदा पुस्तकं परत आली. चौदाही चिठ्ठ्या कोऱ्या. ड्रायव्हरनीसुद्धा काही लिहिलं नाही, आणि त्यांना तर तू आभाळाला टेकवलं होतंस. आमच्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपले औषधवाले, यांनी सोळा फेब्रुवारीच्या सभेत ठराव आणलाय की चिठ्ठ्या कायमच्या बंद कराव्यात.

तुझ्यावर नीट रागावताही येत नाही, हे जास्त खुपतं. बावीस वर्षं जपलेली गोष्ट पाकिटातून पहिल्यांदा काढली ती मी. घर फोडलंस तू, पण दार मी उघडं टाकलं होतं.

ताई

*

ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला, खोटं कशाला बोलू. मी त्या बाईंचं कौतुक केलं होतं, चेष्टा नाही. हे मी तावातावाने हिला सांगितलं. हिने भाजी चिरता चिरता एवढंच विचारलं, की वन्संना विचारलं होतंत का. मग म्हणाली, आणि त्या बाईंना?

विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हे सुचलंच नाही. तीस वर्षं दिसेल ते उचलून लिहिण्यात गेली. माणूस बोलला की मला त्यात मथळा दिसतो. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे.

पण तू काळजी करू नकोस. मी अजून मेलेलो नाही. येत्या रविवारी त्या औषधवाल्यांची अशी हजेरी घेतो की ठराव मांडायला उभे राहणार नाहीत. वाचकांची मुस्कटदाबी, विचारस्वातंत्र्य, सगळं नीट बसतं यात. मजकूर अर्धा तयारच आहे. फक्त तू हो म्हण.

तुझा भाऊ

*

ता. २९ जानेवारी

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

नाही. नाही. आणि तिसऱ्यांदा नाही.

तुझं असं आहे, की आग दिसली की तू बादलीऐवजी माईक घेऊन धावतोस. औषधवाले वाईट गृहस्थ नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की बिननावाच्या मतांनी सगळीकडे विष पसरलंय, फोनवर सकाळपासून तेच येतं, मग निदान वाचनालयात तरी ते नको. हे मला शंभर टक्के पटत नाही, पण थोडं पटतं. त्यावर बोलायचं ते मी सभेत बोलेन.

काल मी स्वतः समोर गेले. माझ्यामुळे चिठ्ठी बाहेर गेली, असं त्या बाईला सांगितलं. सासूबाई आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. बाईने मशीन थांबवलं नाही. पण शिवण संपल्यावर म्हणाली, की दिवसभरात मापाशिवाय मला कुणी काही विचारत नाही. तुमच्या त्या चिठ्ठीनेच विचारलं, मला काय वाटतं, म्हणून लिहीत होते. मला तिथे उभं राहवेना.

चुकलास ना? मग तसं तिला लिही. पेपरातून नव्हे, पोस्टाने. कौतुक करू नकोस, तुझं कौतुक महागात पडतं. आणि ते शांतीचं पुस्तक आधी पूर्ण वाच. त्यात आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांचा विचारच नाही असं तू लिहिलं होतंस. एकशे बाराव्या पानापासून एक अख्खं प्रकरण त्यावर आहे. तू काय वाचून झोडपलंस, देव जाणे.

लोभ आहे, पण सध्या तो दाखवायची ताकद नाही.

ताई

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या बाईंना पत्र टाकलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्या चार वेळा लेखच होत होता, त्यात आजकालच्या समाजाची परिस्थितीही येत होती. पाचव्यांदा चार ओळी झाल्या. तुमचं लिखाण तुम्हाला न विचारता छापलं, ही माझी चूक, तुमचं किंवा ताईचं काही चुकलं नाही, आणि पुन्हा तुमच्याबद्दल कुठेही एक शब्द लिहिणार नाही, चांगलासुद्धा नाही.

आता दुसरी गोष्ट. तू ओळखलंस. मी ते पुस्तक मलपृष्ठ आणि पहिली दोन प्रकरणं वाचून झोडपलं होतं. आता शेवटपर्यंत वाचलं. बराचसा भाग मला अजूनही गुळमट वाटतो. माणसाने शांत व्हावं म्हणजे त्याने प्रश्न विचारू नयेत, असं त्या प्रवचनकारांना मनातून वाटत असावं, आणि ते राज्यकर्त्यांना फार सोयीचं आहे. पण ते एकशे बाराव्या पानावरचं प्रकरण खरं आहे. वाचून झाल्यावर आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तू एकटीने काय काय केलंस ते आठवलं. मी तेव्हा दर रविवारी लेख लिहीत होतो. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणतो.

परवाच्या अंकात दोन ओळी छापल्यात, की पुस्तक पूर्ण न वाचता टीका केली आणि वाचकांना मेंढरं म्हटलं ते मागे घेतो. संपादक म्हणाले, माफी कुणी वाचत नाही, जागा वाया गेली. सोबत एक मतचिठ्ठी जोडली आहे, त्यात हेच आहे, खाली माझी सही आणि पत्ता. त्या पुस्तकाच्या पाकिटात ठेव, किंवा फाडून टाक. तू ठरवशील ते.

सोळा तारखेची धाकधूक आहे. आशीर्वाद असावेत.

तुझा भोंगा

*

ता. १७ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

काल सभा झाली. एरवी समितीचे सात सभासद आणि सात कप चहा. काल माणसं कपाटांना टेकून उभी होती, खुर्च्या कधीच संपल्या. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि मुद्देसूद बोलले. मी उठून सांगितलं, की चिठ्ठ्यांनी घात केला नाही, मी केला, आणि काढायचं तर मला काढा. त्यावर ड्रायव्हर म्हणाले, की बस ठोकली तर ड्रायव्हरची चौकशी करा, रस्ता कशाला बंद करता.

मग मागून त्या शिवणाऱ्या बाई पुढे आल्या, सासूबाईंचा हात धरून. बाई म्हणाल्या, पेपरवाल्यांचं पत्र मिळालं. माझं जे बाहेर जायचं ते गेलं, आता त्याची भीती वाटत नाही. पण चिठ्ठ्या बंद केल्या तर पुढचं मी कुठे लिहू? मंत्र्यांचं आत्मचरित्र वाचायला घ्यायचंय, आणि त्यांनी शिंपी लोकांसाठी काय काय केलं ते मला तपासायचं आहे. सगळी सभा हसली. यापुढे चिठ्ठीखाली नाव घालीन, असंही म्हणाल्या.

पाच विरुद्ध दोन मतांनी चिठ्ठ्या राहिल्या. अध्यक्ष विरोधात होते, पण निकाल त्यांनीच टाळ्या वाजवून जाहीर केला. नियम एक झाला, तो मीच लिहून दिला. चिठ्ठी वाचनालयाबाहेर जाणार नाही, आणि नेली तर नेणारा गेला, ग्रंथपालही. तेव्हा पत्रातून यापुढे माल मिळणार नाही. हवा असेल तर इथे ये, अर्ज भर, आणि रांगेत बसून वाच. तुझी चिठ्ठी पाकिटात ठेवलीय. तुझ्या भावोजींचा नंबर लागला, ते ती वाचून बराच वेळ हसत होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सभा संपल्यावर सासूबाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. महिनाभर त्या का बोलत नव्हत्या ते कुणालाच माहीत नव्हतं. सुनेला वाटत होतं, प्रार्थनेबद्दल लिहिलं म्हणून. त्यांनी एक कोरी चिठ्ठी मागितली. त्यांची बोटं सुईला वळतात, लिहायला वळत नाहीत, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी लिहिलं. सून शेजारी उभी होती. ही एक चिठ्ठी बाहेर गेलीच पाहिजे, असा त्यांचा हुकूम आहे, आणि अध्यक्षांनी तिथल्या तिथे परवानगी दिली. सोबत पाठवते आहे. जपून ठेव, छापू नकोस. लोभ आहेच, येऊन घेऊन जा.

तुझी ताई

(सोबतची चिठ्ठी)

पेपरवाल्यास. माझी सून हुशार आहे हे मला चौदा वर्षं माहीत आहे. ते मी तिला एकदाही म्हटलं नाही, आणि तू परका माणूस आधी म्हणून मोकळा झालास. त्याची मला लाज वाटली, म्हणून मी गप्प होते. आज घरून निघताना तिला म्हटलं.