ओट्यावरचा मच्छीमार

४ नोव्हेंबर
देवाच्या कृपेने बेटावर सुखरूप पोचलो. काम ऐकून लेक पोट धरून हसली होती. निळ्या घराच्या ओट्यावर बसून जाळं विणायचं नाटक करायचं, बस्स. पाहुण्यांच्या बोटी सुरू झाल्या तशी मासळी लांब पळाली, किनाऱ्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या, मच्छीमार पोटासाठी शहरात गेले. आता पाहुण्यांचीच तक्रार, की बेटावर माणसं दिसत नाहीत. म्हणून बोटींच्या कंपनीचा मॅनेजर बाहेरून माणसं आणतो. मी जन्मभर नांगर धरलेला, मला पोहताही येत नाही. शेजारच्या ओट्यावर मासे वाळवत बसणारी वहिनी मूळची शिवणकाम करणारी. म्हणाली, भाऊजी, घाबरू नका, इथं मासे नाही, फोटो पकडायचे असतात. पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न. त्यासाठी रजा द्यायचं मॅनेजरने कबूल केलं आहे.

९ नोव्हेंबर
घरात एक म्हातारी आहे. बेटाची मूळची अशी तीच उरली. तिचा थोरला मुलगा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. ती मलाच थोरला म्हणते. दोनदा सांगून पाहिलं, आई, मी तो नव्हे. आज पाहुणे फोटो काढत असताना तिने जेवायला हाक मारली. मॅनेजरने डोळ्यांनी खुणावलं. मी ओ दिली. म्हातारीचं मन राखलं, त्यात कसलं पाप? पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

१७ नोव्हेंबर
हात आपोआप जाळ्याच्या गाठी मारतात. कोणी शिकवलं नाही. सकाळी प्रार्थनेला बसलो तर वडिलांचं नाव चटकन आठवेना. वय झालं, दुसरं काय.

१ डिसेंबर
लग्नासाठी निघालो. बोटवाल्याने बोटीत चढायच्या फळीवरच अडवलं. बोट पाहुण्यांची, बेटावरच्यांना जागा नाही. म्हटलं, मी बेटावरचा नाही हो. तो हसला. म्हणाला, थोरल्या, दर वर्षी हेच सांगतोस. मॅनेजर म्हणतो, कसली रजा, तुझं घर तर हेच. वहिनी मान खाली घालून मासे उलटत होती. पुटपुटली, मीही थोड्याच दिवसांसाठी आले होते.

डिसेंबर, तारीख नक्की नाही
लग्न झालं असेल. तिच्या पाठीशी कोण उभं राहिलं—

रविवार
ती आली. माझी लेक. नवऱ्याबरोबर, पाहुण्यांच्या बोटीतून. समोर उभी राहून म्हणाली, काका, जरा हसा ना. मी तिला नावाने हाक मारली. ती दचकली. मॅनेजर लगेच म्हणाला, पाहुण्यांची नावं यांना सांगून ठेवतो आम्ही, घरच्यासारखं वाटावं म्हणून. ती हसली. नवऱ्याला म्हणाली, माझे बाबा अगदी असेच बसायचे.
बसायचे—

बोटीचा भोंगा झाला. फळी अजून काढलेली नाही. फक्त बापालाच ठाऊक असेल असं काहीतरी पळत जाऊन सांगतो. आधी इथं लिहून घेतो, म्हणजे वाटेत विसरणार नाही — लहानपणी ती रुसली की मी तिला कडेवर — कडेवर घेऊन कुठे — देवा, एवढं तरी — तिचं नाव — आत्ताच तर घेतलं होतं, तिचं