गुंडप्पाचा पाळणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

चिंताकी
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मंजुश्रीस,

काकूचा पोटभर आशीर्वाद. तू, जावईबापू आणि आमची छकुली सुखरूप असाल. इकडं सगळं ठीक. तूर फुलात आहे, सकाळी गारठा पडतो. तुझ्या आईचे गुडघे कुरकुर करतात, पण तिचं तोंड चालू आहे, म्हणजे तब्येत चांगली.

जर्मनीला पोस्टानं पत्र पाठवायचं म्हणजे तिकीट महाग, आणि ते पोचेपर्यंत तूच इकडं येशील. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते. तू म्हणशील, नुसतं बोलून पाठवा. पण मी बोलायला लागले की भलतंच बोलते. लिहिलं की हिशेबासारखं ओळीत राहतं.

तू पाठवलेले पाळणे ऐकले. तुमच्या गावच्या वाचनालयात लेकुरवाळ्या बायका जमतात आणि प्रत्येकीनं आपापल्या देशाचा पाळणा म्हणायचा, ही रीत मला फार आवडली. ज्वारी निवडताना फोन सुपाशेजारीच ठेवला होता. ती तुर्की बाई दोनच सूर धरून म्हणते, जात्यावर बसल्यासारखी. आफ्रिकेतली ती दुसरी बाळाच्या पाठीवर थोपटते, तर गाण्यापेक्षा थोपटणंच जास्त ऐकू येतं. आणि ती बेटावरची, तिचं नाव मला म्हणता येत न्हाई, तिच्या पाळण्याचा अर्थ तू सांगितलास: बाप समुद्रावर गेलाय, वाऱ्या, त्याला घरी आण, मग माझं बाळ निजेल. मंजू, जगभरच्या बायका लेकराला निजवता निजवता आपलं रडून घेतात वाटतं. लेकराला कळत न्हाई आणि घरातल्यांना ते गाणं वाटतं.

माझा पाळणा सोबत पाठवलाय. माझ्या सासूबाई म्हणायच्या तो. त्या बायकांना अर्थ सांगशील म्हणून शब्द लिहिते.

मांजरा नदीचं पाणी गं लांब,
बाळाच्या झोक्याला आंब्याचा खांब.
तुरीच्या शेंगा गं वाऱ्यानं वाजती,
बाळाच्या पायीचे घुंगरू लाजती.

आवाज पहिल्यासारखा राहिला न्हाई. शिवाय मांडीवर काही नसताना पाळणा म्हणायला येईना, मग कशीबशी सोय केली. चुकलंमाकलं सांभाळून घे.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी छकुलीचं बारसं इथं धरलंय, असं तुझा भाऊ शिवराज सांगून गेला. दिवस चांगला आहे. पण मला यायला जमेल असं दिसत न्हाई. तुझ्या मोठ्या अप्पांचे डोळे दाखवायला त्याच दिवशी उदगीरला जायचंय, नंबर लागलाय. आपल्या गल्लीतल्या रुद्रम्माची सून पाळणे छान म्हणते, कानडीही म्हणते. गुंडप्पा मी शिवराजजवळ देईन. तिकडं राहून विसरली असशील, म्हणून सांगते: बाळाच्या आधी पाळण्यात घालतात तो आपल्या घरचा वरवंटा, झबलं-टोपडं घातलेला. गल्लीतल्या सगळ्या बारशांना तोच जातो.

छकुलीसाठी कुंची शिवून ठेवलीय. माझ्या जुन्या इरकल लुगड्याचे काठ लावलेत, विकतचं काही न्हाई. तीही शिवराजजवळच देईन.

जावईबापूंना नमस्कार. छकुलीची दृष्ट काढत जा, तिकडं मिरच्या मिळत असतील तर.

तुझी
काकू


॥ श्री गुरुदेव दत्त ॥

चिंताकी
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. सौ. मंजुश्रीस,

आशीर्वाद. काल तुझा फोन आला तेव्हा तुझी आई माझ्याच ओट्यावर वाल सोलत बसली होती. म्हणून मी "रेंज न्हाई, रेंज न्हाई" म्हणत फोन ठेवला. रेंज होती.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, तुझ्या वाचनालयातल्या बायकांना माझा पाळणा आवडला, पण मधे मधे ते टक टक काय वाजतं, असं त्या विचारायल्यात. कुणी म्हणाली वाद्य आहे, कुणी म्हणाली पाळण्याची कडी. आणि दुसरं, "काकू, रविवारी कुठला डोळ्याचा दवाखाना उघडा असतो?"

तू लहानपणापासून अशीच. दोन्हींचं उत्तर एकच आहे.

ते टक टक म्हणजे गुंडप्पा. तुझा निरोप आल्यावर मी फोन पुढ्यात ठेवून बसले, पण सूर लागेना. मांडी हलायला लागते आणि मांडीवर काही न्हाई. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, तसंच वाटलं. मग फळीवरून वरवंटा काढला, त्याला झबलं घातलं, टोपडं बांधलं आणि मांडीवर घेतला. झोका जरा मोठा झाला की तो घसरून पाटाला लागायचा. तेच तुमच्या वाचनालयात वाजतंय.

तेवढ्यात तुझे मोठे अप्पा शेतातून आले. मला वाटलं, आता म्हणतील, "येडी झालीस व्हय? दगडाला निजवायलीस?" ते दारातच थांबले. वहाणा आवाज न करता काढल्या. आणि हळूच विचारलं, "निजला का गं?"

मी म्हटलं, "आताच डोळा लागलाय."

"मग राहू दे. मी घेतो पाणी."

रात्री तुला लिहिलेलं पत्र त्यांनी वाचलं आणि जेवताना मात्र म्हणाले, "माझ्या डोळ्याला काय झालंय? त्याचं नाव कामून सांगितलीस पोरीला?" मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यांनी पुन्हा विचारलं न्हाई.

आता तुला सांगते. बारशाला गल्लीतल्या बायका मला आधी बोलावतात. रुद्रम्मा तर स्वतः दारात येते, "सोजरा, तुझ्याबिगर पाळणा गोड लागत न्हाई गं." मी जाते. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात, गुंडप्पाला खालून वरून फिरवतात, मग त्याला बाजूला करतात आणि लेकरू पाळण्यात घालतात. बाजूला म्हणजे माझ्या मांडीवर. लेकरू या हातातून त्या हातात जातं, माझ्यापाशी आलं की वळतं. पाळण्याची दोरीसुद्धा दुसरीच्या हातात. मी गाते.

लेकरू न झालेल्या बाईच्या हातून लेकरू पाळण्यात घालू नये, असं तोंडानं कुणी म्हणत न्हाई. रुद्रम्मा उलट मायेनं म्हणते, "गुंडप्पाला तू घे, तो तुझ्याशिवाय कुणाजवळ राहत न्हाई." सगळ्या हसतात, मीही हसते. वाईट कुणीच वागत न्हाई, म्हणून भांडताही येत न्हाई.

दत्तजयंतीला देवळात मात्र पाळण्याची दोरी माझ्या हातात देतात. देवाला काय होणार? मी दर वर्षी दत्तमहाराजांना निजवते आणि घरी येते. त्यांच्याकडं काही मागायचं मी कधीच सोडलंय, पण दोरी हातात घेतली की बरं वाटतं.

तुझं बारसं तुला कुणी सांगितलं नसेल. तू झालीस आणि तुझ्या आईला ताप धरला. ती बिदरच्या दवाखान्यात, आणि तू माझ्याजवळ. डॉक्टरांनी बाळाला लांब ठेवा म्हटलं होतं. कापसाच्या वातीनं मी तुला दूध पाजलं. रात्र की दिवस ते कळत नव्हतं. तुझी आई बरी होऊन येईपर्यंत तू मान धरायला लागली होतीस. माझा आवाज आला की इकडं तिकडं बघायचीस.

मग बारसं झालं. तुला मी न्हाऊ घातलं, काजळ लावलं आणि कडेवर घेऊन पाळण्याजवळ गेले. रुद्रम्मानं हात पुढं केले. "दे इकडं सोजरा. तू गुंडप्पाला धर." तुझ्या आईनं खाली बघितलं. ती तरी काय करणार, नुकती दुखण्यातून उठलेली, कोण काय सांगेल ते ऐकणारी. मी तुला दिलं.

तू रडायला लागलीस. कुणाच्याच झोक्यानं गप्प होईनास. बायका म्हणायल्या, "सोजरा, म्हण की गं, तुझ्या आवाजानं निजती ती." मी म्हटलं. मांजरा नदीचं पाणी गं लांब. दुसऱ्याच कडव्याला तू निजलीस. तू माझ्या आवाजानं निजलीस, मंजू, आणि माझ्या मांडीवर दगड होता.

तुला तेव्हापासून आईजवळ निजवायला लागले, तेही बरोबरच. बोलायला लागल्यावर तू मला मोठ्याई म्हणायचीस. शाळेत जायला लागलीस तेव्हा काकू म्हणायला शिकवलं. तेही बरोबरच. मी कुणाच्या हिशेबात चूक काढत न्हाई.

पण छकुलीच्या बारशाला मला ते पुन्हा नको. बाकी साऱ्या गल्लीच्या लेकरांचं मी केलं, करीन. तुझ्या लेकराच्या वेळी माझ्यानं गाणं निघणार न्हाई, आणि सगळ्यांसमोर ते बरं दिसणार न्हाई. म्हणून उदगीरचं खोटं लिहिलं. देव मला क्षमा करो, तूही कर.

असं लिहून काल कागद मिटला होता. फोटो काढला नव्हता. आज सकाळी आंघोळ करून देवापुढं बसले, तर जपातही तू विचारलेलं तेच टक टक. तिकडं त्या बायका आपल्या लेकरांना मांडीवर घेऊन माझा पाळणा ऐकायल्यात, निजवायल्यात, आणि मी इथं घरात बसून राहणार?

म्हणून आणखी लिहिते.

छकुलीला माझ्या मांडीवर तू द्यायचं. तुझ्या हातानं, पाळण्यात घालायच्या आधी, सगळ्यांसमोर. रुद्रम्मा हात पुढं करील. तुझी आई खाली बघेल. तू त्यांच्याकडं बघू नकोस. मला फार वेळ नको, एक पाळणा होईपर्यंत पुरे. मग मीच तिला पाळण्यात घालीन.

तुला हे जमणार नसेल तर आधी कळव. तुझ्या सासरची माणसं येणार, त्यांच्या मनात काही यायला नको, हे मलाही कळतं. मी दत्ताचा पाळणा म्हणून घरी येईन आणि दुसऱ्या दिवशी दार लावून घेईन. तुझ्यावर राग धरणार न्हाई. हे तोंडदेखलं म्हणत न्हाई.

मात्र गुंडप्पा आता कुणालाच मिळणार न्हाई. शिवराज न्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. वरवंट्याचं झबलं काढलं, तो धुतला आणि त्यानं शेंगदाण्याची चटणी वाटली. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी कामाला लावलंच नव्हतं. तुझे मोठे अप्पा दोनदा मागून घेऊन जेवले. म्हणाले, "पोरगा कामाला लागला की."

कुंची शिवराजजवळ दिलीय. बारशाला मी कधी कुणाच्या घरी काही न घेता गेले न्हाई, तुला ठाऊक आहे. या वेळी तशीच येईन. पाळण्याजवळ भिंतीला टेकून बसेन, मांडी घालून.

तुझी
मोठ्याई