मृदुलाच्या लग्नाचे फोटो कोण काढणार

अमलापुरम,
माघ शुद्ध पंचमी

वडीलधारे सोमयाजुलु बावगारू यांना, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा दक्षिणामूर्ती याचा कमरेतून (कंबर परवानगी देईल तितका) वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. खरगपूरची थंडी ओसरली का? मोतीबिंदू काढलेला डोळा आता माणसं ओळखतो का? तुमच्यासाठी आवक्काय लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे.

“भाचीच्या लग्नाचे फोटो मीच काढणार, बाहेरचा माणूस आणलात तर मांडवाची पायरी चढणार नाही,” हे तुमचं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तर धाडलं नाही, कारण तुमच्या बहिणीला, वरलक्ष्मीला, हो म्हणवेना आणि मला नाही म्हणवेना. (तुमच्या फोटोंबद्दल घरात कुणाचीही तक्रार नाही. आमच्या गृहप्रवेशाच्या फोटोंत पाहुण्यांपेक्षा छताचे पंखे जास्त आहेत, पण पंखे फार सुरेख आलेत.) शेवटी ती म्हणाली, “अहो, माझ्या अन्नय्याला दुखवायचं नाही आणि लेकीचं लग्न पंख्यांवरही सोडायचं नाही. काय ते तुम्ही निस्तरा.” म्हणून मी, तुम्हाला न सांगता, फोटोग्राफर बघायला निघालो. तेवढी चोरी पोटात घाला.

पहिला काकिनाड्याचा एक तरुण आला. बावगारू, काय त्याचं सामान! उडणारा कॅमेरा त्यानं अंगणातून सोडला आणि नारळाच्या शेंड्यांवरून आमचं घर मला दाखवलं. तीस वर्षं राहतोय, पण पाण्याच्या टाकीला झाकण नाही हे मला त्या दिवशी कळलं. मी हात जोडून उभा राहिलो. तेवढ्यात ते यंत्र शेजारच्या रत्नमांबांच्या गच्चीवर खाली आलं आणि वाळत घातलेले त्यांचे सगळे अप्पडम, अख्खे वर्षाचे पापड, गल्लीभर उडाले. त्या खालून ओरडल्या, “दक्षिणामूर्ती, लग्न तुमच्या घरी आणि अक्षता माझ्या अप्पडमच्या का?” तरीही मी त्याला होच म्हणणार होतो. पण तो कॉफी घेत बसलेल्या, लग्न लावणाऱ्या शास्त्रीगारूंना म्हणाला, “वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवायचा मुहूर्त वीस मिनिटं पुढे ढकला, ऊन छान मिळेल.” शास्त्रीगारू अर्धी कॉफी टाकून उठले. त्यांना परत आणायला मला दोनदा जावं लागलं.

मग मी जुने फोटोग्राफर वीरभद्रम यांच्याकडे गेलो. वय सत्तर, दुकान अंधारं, बोलणं जवळपास नाहीच. त्यांनी स्वतःचे फोटो दाखवले नाहीत. म्हणाले, “तुमच्या घरचे अल्बम आणा.” लाजत लाजत तुमचे तिन्ही अल्बम त्यांच्यापुढे ठेवले. तासभर एकेक पान उलटत बसले. मी अधूनमधून तुमच्या वतीनं माफी मागत होतो. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “हे कुणी काढलेत?”

“मुलीच्या मामानं. हात जरा हलतो त्यांचा.”

“हलू दे हो. ही सगळी माणसं त्यांच्याकडे बघून हसताहेत, ते बघा. पन्नास वर्षं मी हा धंदा करतोय, माझ्याकडे बघून असं कोणी हसलं नाही.” चष्मा पुसत म्हणाले, “पण मामा कुठंय यात?”

बावगारू, मी तिथंच तिन्ही अल्बम पहिल्यापासून पाहिले. वरलक्ष्मीचं लग्न, मृदुलाचं बारसं, तुमच्या आईची साठी. तुम्ही कशातच नाही. एकाही फोटोत नाही! एवढी वर्षं आम्ही हे अल्बम पाहुण्यांना दाखवतोय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या माणसाला ते तासाभरात दिसलं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांनाच पक्कं करून आलो आहे. रागावायचं असेल तर इथं येऊन रागवा.

सर्वांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याचे त्याला वाटून द्यावेत.

तुमचा,
दक्षिणामूर्ती

ता.क. पक्कं केलं असं वर लिहिलं खरं, पण वीरभद्रम यांनी अट घातली आहे. नवरीला वेताच्या टोपलीत बसवून मांडवात उचलून नेणं हे मामाचं काम. दोन्ही हात टोपलीला लागतात, गळ्यात कॅमेरा चालत नाही. “मामा टोपली उचलणार असेल तर मी येतो, नाहीतर दुसरा माणूस बघा,” म्हणाले. तेव्हा कॅमेरा खरगपूरला ठेवून या, ही खरी विनंती.

आणखी एक. मुलीचं वजन कळवत नाही. मी विचारलं तर दोन दिवस मला कॉफी मिळाली नाही.

शेवटचं. हे पत्र मृदुलानं माझ्या खांद्यावरून वाचलं. दुसऱ्या कुणालाही टोपलीला हात लावू देणार नाही म्हणते. तुम्ही येईपर्यंत आतल्या खोलीत टोपलीतच बसून राहणार आहे, मुहूर्त टळला तरी. मुहूर्त सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांचा आहे. पोरीचा हट्ट तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशीच्या गाडीनं या.