सिंदखेड एका दिवसात

१० जानेवारी १९३४, बुधवार. संध्याकाळ.

अमरावतीहून रमाकांतरावांचं पत्र. रिटायर्ड स्कूल इन्स्पेक्टर. मुलगा तिथेच ड्रॉइंग मास्तर. शनिवारी, सत्तावीसला, माझ्या धाकट्या बहिणीला, प्रतिमाला, पाहायला येतात. सोबत त्यांची विधवा बहीण अन्नपूर्णाबाई. त्यांच्या शब्दाबाहेर घरात पान हलत नाही म्हणे. रविवारीही मुक्काम. शेवटी एक ओळ : "सिंदखेडची जुनी स्थळं पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. एका दिवसात होतील काय? कोणी जाणकार असल्यास पाहून ठेवावा."

जाणकार पाहून ठेवावा म्हणे. सिंदखेडवर छापील लेख असलेला माणूस अख्ख्या देऊळगाव राजात एकच आहे आणि तो ही डायरी लिहितो आहे. (लेख संपादकांनी निम्मा कापला. जागेअभावी.)

सौ.ने विचारलं, तुम्ही सिंदखेडला किती वेळा गेलात? मी म्हणालो, संख्येला महत्त्व नाही. ती म्हणाली, म्हणजे एकदा. तेही मौंजीच्या वर्षी.

निश्चय : उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

११ जानेवारी.

साडेसातला उठलो. थंडी फार. उद्यापासून नक्की.

१२ जानेवारी.

टाइम-टेबल तयार. आठ स्थळं. वाडा ८ ते ८.२५, नीळकंठेश्वर ८.३० ते ९.०५, याप्रमाणे. समाधीला पाऊण तास, कारण तिथे माझी स्वतःची थिअरी आहे. दोन रंगांत नकाशाही काढला. प्रतिमाने पाहिला. म्हणाली, दादा, चांदणी तलाव या अंगाला नाही, त्या अंगाला आहे. तिला समजावलं की नकाशात उत्तर वर असते. हो म्हणाली आणि गेली.

आई गेल्यावर प्रतिमा चार वर्षं सिंदखेडला सत्यभामामावशीकडे होती. मी तेव्हा नागपूरला बी. ए.ची तयारी करत होतो. मावशीकडे पोरगी पाणी भरायला शिकली, शेण सारवायला शिकली. इतिहासाकडे कोण बघतं.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.

आज सर्व्हेला सिंदखेडला जाणार होतो. गुळाच्या पोळ्या झाल्या. तिसऱ्या पोळीनंतर नऊ मैल जाणं हे शरीरशास्त्राविरुद्ध आहे. पुढचा रविवार.

१८ जानेवारी.

सौ.ने सगळ्यांना बजावलं. प्रतिमा एकोणिसाची झाली. चिखलीच्या पाहुण्यांनी मागच्या वर्षी नकार दिला तो एका वाक्यामुळे. त्यांनी विचारलं, फायनल पास झालीस, आता पुढे काय? ही म्हणाली, मास्तरणीचं ट्रेनिंग करायचं आहे. ते चहा अर्धा टाकून उठले. तेव्हा या वेळी तिने मान खाली ठेवायची, विचारलं तेवढंच सांगायचं, आणि सिंदखेडला डबे घेऊन मागे मागे चालायचं. बोलायचं काम माझं. प्रतिमा बरं म्हणाली. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. ती दिवा पुसत होती.

सौ. मला म्हणाली, हे स्थळ गेलं तर पोरीसाठी पुन्हा कोण येणार आहे? मी म्हणालो, तू निश्चिंत राहा, सगळं माझ्यावर सोड. ती निश्चिंत दिसली नाही.

२१ जानेवारी, रविवार.

सर्व्हेसाठी निघालो. बालाजीच्या देवळापर्यंत गेलो. तिथे शाळेतले दोघे भेटले. सिंदखेडवर तीन तास उत्तम चर्चा झाली. आधी जागा पाहून ठेवली तर बोलण्यातला ताजेपणा जातो, असं माझं मत झालं. परत आलो.

२७ जानेवारी, शनिवार. रात्रीच्या जेवणाआधी.

पाहुणे सर्व्हिस मोटारीने आले. येताना शेगावला गजानन महाराजांचं दर्शन करून आले. रमाकांतराव उंच, हसरे, कानाला जरा कमी. अन्नपूर्णाबाई बुटक्या. गुडघे धरून बसतात आणि कमी बोलतात. प्रतिमाने चहा दिला. मान खाली. नाव, वय, स्वयंपाक एवढंच विचारलं. तेवढंच उत्तर दिलं. अन्नपूर्णाबाईंनी "हं" म्हटलं. या हंचा अर्थ सौ. अजून लावते आहे.

मी टाइम-टेबलची एक प्रत रमाकांतरावांना दिली. ते फार वेळ बघत राहिले. प्रभाव पडला.

२८ जानेवारी, रविवार. (डायरी बरोबर घेतली आहे. जागेवरच टिपणं.)

सकाळी ७.५०. साडेपाचला निघायचं होतं. माझा काळा कोट सापडेना. दमणीत रमाकांतराव, अन्नपूर्णाबाई, प्रतिमा, डबे, मी. सौ. घरी. गाडीवान शेषराव दुसरबीडचा, तोंडाने फटकळ. त्याला म्हणालो, शेषराव, टाइम-टेबलप्रमाणे आठला आपण वाड्यात असायला हवं. म्हणाला, "मास्तर, बैलाले वाचता येत नाही."

१०.४०. पोचलो. वाड्याच्या भव्य दरवाजापाशी गाडी थांबवून लगेच सुरुवात केली. वीस मिनिटं बोललो. दगडाची जात, कमानीचा डौल, इथून निघालेल्या स्वाऱ्या. रमाकांतराव टोपी काढून ऐकत होते. इतक्यात आतून एक बाई शेणाची पाटी घेऊन आली. म्हणाली, "हा तं आमच्या कडब्याचा दरवाजा हाय. राजाचा वाडा फुडं." रमाकांतराव म्हणाले, दरवाजा मात्र चांगला आहे. फार सुसंस्कृत माणूस.

११.३०. वाडा उरकला. लखुजीरावांच्या समाधीला थिअरी सांगितली. वारा फार होता. रमाकांतराव म्हणाले, काही शब्द ऐकू आले, तेवढे आवडले.

१२.१५. पुतळा बारव. खोल पायऱ्यांची विहीर, भिंतींना कोरीव मूर्ती. अन्नपूर्णाबाई वरच बसल्या. म्हणाल्या, मी उतरणार नाही, गुडघे साथ देत नाहीत, तुम्ही पाहून या. मी खाली उभं राहून शिल्पशास्त्र सांगत होतो. थोड्या वेळाने वर पाहिलं तर कोणी नाही. बघतो तो अन्नपूर्णाबाई प्रतिमाचा हात धरून एकेक पायरी उतरतायत. प्रतिमा त्यांना हळू आवाजात काही सांगत होती. तालुक्याहून मूर्ती पाहायला साहेब आले तेव्हा गावातल्या बायकांनी बारवेवर धुणं वाळत घातलं होतं, ते कसं पळवलं वगैरे. ऐतिहासिक मूल्य शून्य. अन्नपूर्णाबाई मात्र हसल्या. मी प्रतिमाला डोळ्यांनी खूण केली. तिने मान खाली घातली. मग अन्नपूर्णाबाईंनीच तिला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, थांबलीस काऊन? पुढे सांग.

१२.४५. चांदणी तलाव. नकाशाप्रमाणे शॉर्टकट आहे. प्रतिमा म्हणाली, दादा, तिकडे नुसतं बाभूळबन आहे. पाहुण्यांसमोर वाद नको. म्हणालो, मी पुढे होऊन वाट पाहून येतो, दहा मिनिटांत हाक मारतो.

१.३०. बाभूळबन आहे.

१.५५. हाक मारली. उत्तर नाही. अन्नपूर्णाबाईंच्या गुडघ्यांमुळे मागे राहिले असावेत.

२.२०. तलाव सापडला. लहान आहे. तीन म्हशी. लेखात लिहिलेली पाण्यातली इमारत वगैरे काही दिसत नाही. काळाच्या ओघात पडली असावी. लेखात दुरुस्ती करावी लागेल.

३.१०. पायात काटा. उजव्या. मंडळी वाट चुकली हे आता स्पष्ट आहे. अनोळखी मुलखात जाणकाराला सोडून हिंडल्यावर दुसरं काय होणार. त्यांची काळजी वाटते. प्रतिमाची जास्त. ती एकटी त्या दोघांच्या तावडीत.

३.४५. रस्ता लागला. कडेच्या शेतात एक म्हातारा शेतकरी हुरडा भाजत होता. उत्तमराव नाव. म्हणाला, "कुठं जाऊन राह्यले मास्तर?" म्हणालो, सिंदखेडला. म्हणाला, "मंग तोंड फिरवा. सिंदखेड मांगं राह्यलं. हा रस्ता दुसरबीडले जाते." त्याने काटा काढून दिला. हुरडा दिला. मी त्याला समाधीची थिअरी सांगितली. त्याने पूर्ण ऐकली.

४.३०. शेषराव दमणी घेऊन आला. सगळे आत. सुखरूप. शेषराव म्हणाला, "बसा मास्तर, आठी ठिकाणं पाहून झाली." आठ. माझ्या टाइम-टेबलात आठच होती, म्हणजे टाइम-टेबल यशस्वी.

वाटेत रमाकांतराव प्रतिमाला एकामागून एक विचारत होते. हे असं का, ते तसं का. ती सांगत होती. मान वर. त्यांच्या बहिऱ्या कानासाठी मोठ्याने. सौ.च्या सगळ्या सूचना वाऱ्यावर. मी दोनदा खाकरलो. मग त्यांनी विचारलं, पोरी, हे तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, "दादानं. त्याच्या लेखाची प्रत मीच केली होती."

हे खरंच आहे. मी तिला नेमकं काय शिकवलं ते आठवून पाहतो आहे. घर आलं तरी आठवलेलं नाही.

२९ जानेवारी, सोमवार.

पाहुणे पहिल्या मोटारीने गेले. "पत्र पाठवतो." एवढंच. अन्नपूर्णाबाईंनी जाताना प्रतिमाकडे बराच वेळ पाहिलं.

सौ.ने सगळी हकीकत शेषरावकडून काढली. मग माझ्याकडे आली. म्हणाली, दिवसभर परक्या माणसांपुढे पोरीला तोंड उघडावं लागलं, कारण घरचा पुरुष बाभूळबनात होता. आता त्यांनी आगाऊ म्हटलं तर? मी म्हणालो, मुळात तिने बोलायलाच नको होतं. सौ. म्हणाली, मग त्यांनी काय चार तास बारवेत बसून राहायचं होतं?

या प्रश्नाला उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

२ फेब्रुवारी.

पत्र नाही. प्रतिमा नेहमीसारखी काम करते. मला पायाला हळद लावून दिली. शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, टूर कशी झाली? म्हणालो, एका दिवसात आठही स्थळं. खोटं नाही.

५ फेब्रुवारी.

पत्र नाही. पोस्टमन घरावरून गेला की सौ. दारातून आत येते आणि भांडी जोरात ठेवते. आज प्रतिमा म्हणाली, वहिनी, नकार आला तर आला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. सौ.ने या वेळी भांडं हळू ठेवलं. ही पोर घरात बोलत का नसते, असा विचार मनात आला. मग लक्षात आलं, घरात मी बोलत असतो.

निश्चय : जेवताना गप्प बसायचं.

६ फेब्रुवारी.

जेवताना यादवांविषयी थोडं बोललो. अपवाद.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

पत्र आलं. सौ.ने वाचायला सांगितलं. मी पाकीट उलटसुलट करत राहिलो, म्हणून तिनेच वाचलं.

मुलगी पसंत. अन्नपूर्णाबाई सहा वर्षांत पहिल्यांदा एवढ्या चालल्या. प्रतिमा दर पायरीला म्हणायची, आत्या, पुढे अजून एक गंमत आहे, आणि त्या गमतीपायी बारव, नीळकंठेश्वर, तलाव झाला. घरी गेल्यापासून त्या दुसरं काही बोलतच नाहीत. अन्नपूर्णाबाईंचा निरोप असा की या पोरीचं तोंड बंद करून आमच्या घरात आणू नका. मास्तरणीचं ट्रेनिंग अमरावतीत होईल, लग्नानंतर, त्याची जबाबदारी आमची. चिरंजीव बारवेतल्या मूर्तींची चित्रं काढायला म्हणून येतील, म्हणजे परस्परांना पाहणंही होईल. मुहूर्त वैशाखातला धरावा.

शेवटचा परिच्छेद माझ्याविषयी. सौ.ने तो दोनदा वाचला. "आपण सोबत असता तर पोरीने तोंड उघडलं नसतं. हे ओळखून आपण समंजसपणे, काही निमित्त करून, दिवसभर बाजूला राहिलात, हे आमच्या ध्यानात आलं आहे. स्वतः विद्वान असून बहिणीसाठी मागे सरणारा भाऊ विरळा."

सौ. माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, जाणत्या माणसाला सांगावं लागत नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार.

शाळेत पत्र दाखवलं. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. म्हणाले, मास्तर, असा त्याग आम्हाला जमला नसता. मी म्हणालो, योजनाच तशी आखली होती. नकाशा मुद्दाम तसा काढला होता. दुपारपर्यंत मलाही तपशील आठवू लागले. बाभूळबनात शिरताना मनात नेमका हाच विचार होता.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

सौ. बाहेर गेली होती. प्रतिमा ओट्यावर तांदूळ निवडत होती. सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, दादा, एक विचारू? तू खरंच मुद्दाम गेला होतास?

हो म्हणायला तोंड उघडलं. सगळे तपशील तयार होते. कालच हेडमास्तरांना सांगितलेले.

नाही म्हणालो. वाट चुकलो होतो.

ती म्हणाली, "माहीत आहे. शेषरावला दुसरबीडच्या रस्त्याला गाडी मीच घ्यायला सांगितली. तू तिकडेच जाणार हे नकाशावरून कळत होतं."

मग म्हणाली, त्यांना मात्र कळवू नकोस. आत्यांना तुझं फार कौतुक वाटतं. मी म्हणालो, तूही त्या दिवशी गाडीत माझं नाव घेतलंस, ते कशाला? ती म्हणाली, लेख तुझाच होता ना. मी म्हणालो, त्यातलं तलावाचं वर्णन कुठून आलं होतं? तिने एक खडा वेचून टाकला. म्हणाली, मावशीकडून मी पत्रात लिहायची ते तू घ्यायचास.

वैशाखाला अडीच महिने आहेत. शेजारी बसलो. तिच्या सुपातले थोडे तांदूळ ताटात ओढले आणि निवडायला लागलो. अर्धा तास दोघं काही बोललो नाही. निवडून झाल्यावर मी ताट तिच्यापुढे केलं. तिने ते सुपात ओतलं आणि माझे निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.