कपाएवढी जागा

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
चिमणीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण एक मागणं आहे, आणि तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. तरी आधी सगळं वाच, मग डोक्यात राख घालून घे.

पूल पुन्हा सुरू झाल्याचं तुला कळलंच असेल. पुलाजवळच्या बसथांब्याच्या दालनात एक लांबलचक भिंत कोरी पडली आहे. तिच्यावर दोन्ही काठांनी मिळून चित्र करायचं ठरलंय. मधे नदी, डावीकडे आपला काठ, उजवीकडे त्यांचा. रंगाने नाही, लढाईत फुटलेल्या कपबश्यांच्या तुकड्यांनी! आराखडा माझा. शाळेत चित्रकला शिकवून मी अगदीच वाया गेले नाही, असं आई परवा शेजारणीला सांगत होती.

लावण्याचं काम पलीकडच्या एका म्हाताऱ्या फरशीवाल्याचं. सगळे त्यांना फरशीकाका म्हणतात. त्यांची रीत ऐक. तुकडे आधी कागदावर खळीने पालथे चिकटवायचे, मग तो अख्खा कागद भिंतीच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा, आणि सिमेंट धरलं की कागद भिजवून सोलायचा. तोवर चित्र कसं झालंय ते कुणालाच दिसत नाही. काकांची बायको लढाईत घराखाली गाडली गेली. तरी पूल उघडल्यावर तेच पहिले थापी घेऊन आपल्या काठावर आले. असा माणूस मी पाहिला नव्हता, दादा.

आता मागणं. आपल्या धाकट्या भावाचा निळ्या काठाचा कप तू जाताना नेलास. तो चित्रात हवा. सहा वर्षं तू घरी पाऊल ठेवलेलं नाहीस, निदान कप तरी येऊ दे. आई तुझ्या खुर्चीवर अजून कुणाला बसू देत नाही.

तुझी माया आटली नसेल असं धरून चालणारी,
चिमणी


दि. ११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राख घालून झाली.

माझं छापखान्यातलं काम तेच, अक्षरांचे खिळे जुळवण्याचं. दिवसभर उलटी अक्षरं बघून मला आता सरळ पाटी वाचता येत नाही, असं मालक चिडवतो.

कप देणार नाही. आपला धाकटा त्यांच्या गोळ्याने गेला. त्याचा कप त्यांच्या बश्यांना खेटून लागलेला मला सोसणार नाही. दुसरं कारण तू जाणतेस. मी तोफेवर होतो, आणि आमची तोफ त्याच काठावर रोखलेली होती. गोळा कुठे पडला, कुणाच्या घरावर, ते आम्हाला कधी कळलं नाही. कुठल्या तोंडाने मी त्या काकांसमोर उभा राहू? घराच्या खिडकीतूनसुद्धा तो काठ दिसतो. म्हणून येत नाही. यातलं काही त्यांना सांगू नकोस.

आईचे गुडघे कसे आहेत ते लिही. तिला म्हणावं, जिने चढू नको.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस, एवढंच मागतो.
तुझा दादा


दि. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचे गुडघे तुझ्या आठवणीत दुखतात, एरवी टुणटुणीत आहेत. कारण बाईसाहेब रोज दालनात हजर असतात!

पहिले चार दिवस मात्र कठीण गेले. आपल्या बायका एका टेबलाशी, त्यांच्या दुसऱ्या. आमचे तुकडे आम्हीच लावणार, त्यांच्या वस्तूला हात लावणार नाही, असं दोन्हीकडून ठणकावून झालं. काकांनी दोन्हीकडचे तुकडे एका घंगाळात ओतले, स्वच्छ धुतले आणि म्हणाले की आता आपापले शोधा. मला वाटलं, सगळे सारखेच दिसतील आणि बायका हसून सोडून देतील. छे! प्रत्येकीने आपला तुकडा बरोबर ओळखला. हा आमच्या साखरेच्या भांड्याचा, ही सासूबाईंची बशी, असं सांगता सांगता सगळ्या रडायला लागल्या. मग काका म्हणाले की ओळख पटली ना, आता तो समोरच्या बाईच्या हातात द्या आणि कुठून आला ते तिला सांगा. लावायचा तिने.

आईच्या हाती आलं ते काकांच्या घरातल्या चहादाणीचं फुटकं झाकण. तिने ते तासभर नुसतं पुसलं. आता ती आणि काकांची बहीण खळ पातळ की घट्ट यावरून रोज भांडतात, आणि एकीला यायला उशीर झाला की दुसरी दाराशी जाऊन बघते.

आता रागाव. मी काकांना तुझं, तोफेचं आणि कपाचं, सगळं सांगितलं. त्यांच्या शेजारी बसून त्यांच्यापासून लपवणं मला जमेना. ते बराच वेळ ढवळलेलीच खळ ढवळत राहिले. मग विचारलं की कप फुटलेला आहे का अख्खा. अख्खा आहे, कापसात गुंडाळून ठेवलाय, म्हटलं. तर म्हणाले, अख्खी वस्तू या भिंतीत बसत नाही. फोडावी लागेल, आणि फोडायची तर ती त्यानेच.

शिव्या पत्रातून पाठव, पण पाठव.
तुझी चिमणी


दि. १६ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

सांगायला नको होतंस. आठ दिवस तुझं नाव काढलं नाही.

काल छापखान्यातली लाकडी हातोडी घरी आणली. कप टेबलावर ठेवला. तीनदा हातोडी उचलली, तीनदा खाली ठेवली. ज्याने एवढी तोफ चालवली त्याच्याने एक कप फुटेना. मला माझीच लाज वाटली आणि भीतीही. मी येत नाही. काकांना माझा नमस्कारही सांगू नकोस, तो मला शोभत नाही.

एक कामाचं विचारतो. तुकडे पालथे लावताय, तर कागदावरचं चित्र उलटं काढलंस ना? आमच्याकडे उलटं जुळवतो तेव्हा छापताना सुलटं येतं. तू डावं डावीकडेच ठेवलं असशील तर भिंतीवर सगळं फिरेल. कागद लावण्याआधी बघ.

काळजीत,
दादा


दि. २३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. कागद परवाच सोलला!

दोन्ही काठ दालनात जमले होते. कागद निघाला आणि आपला काठ उजवीकडे, त्यांचा डावीकडे. बाजूच्याच खिडकीतून खरी नदी दिसते, त्यामुळे लपवायलाही जागा नाही. आपलं घर त्यांच्या काठावर, त्यांची गिरणी आपल्या घाटावर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका तर मटकन खालीच बसले. म्हणाले की जन्मभर नुसती नक्षी लावली, नक्षी दोन्हीकडून सारखीच असते, चित्र कधी लावलंच नव्हतं. मी शिकलेली, पण मलाही सुचलं नाही.

लोक संतापले. आमची घरं तिकडे दिली, असं दोन्हीकडून ओरडणं सुरू झालं. भिंत उखडा, म्हणाले. तेवढ्यात आई उठली. चित्रातल्या आपल्या घराच्या खिडकीवर बोट ठेवून तिने काकांच्या बहिणीला सांगितलं की माझं घर आता तुमच्या गल्लीत आलंय, येता-जाता लक्ष असू द्या. त्या बाईंनीही तोंड वाकडं करून उत्तर दिलं की लक्ष ठेवीन, पण आमची गिरणी तुमच्या घाटावर आहे, तिथे धुणं वाळत घालायचं नाही. आधी एक हसला, मग सगळे. भिंत राहिली.

आपल्या खिडकीखाली काकांनी मुद्दाम कपाएवढी जागा कोरी ठेवली आहे, लाकडाचा ठोकळा बसवून. भरायची घाई नाही, असं सांगतात.

वाट बघण्यात आईवर गेलेली,
चिमणी


दि. २ एप्रिल

ती. फरशीकाकांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी चिमणीचा थोरला भाऊ. मी काय केलं ते तिने तुम्हाला सांगितलं आहे, तरी ते मीच सांगायला हवं होतं. आमच्या तोफेचं तोंड तुमच्या काठाकडे होतं. काकूंचं घर माझ्या गोळ्याने पडलं की दुसऱ्याच्या, ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. माफी मागतो. ती द्यायलाच हवी असं नाही.

चिमणीचं पत्र आल्यापासून मला तुमची भिंत डोळ्यांपुढे दिसते. जिकडे मी नेम धरत होतो, तिकडे त्या भिंतीवर आता आईची खिडकी आहे. हे मनात आलं आणि मी हातोडी उचलली. या वेळी हात थांबला नाही.

सात तुकडे झाले. कपाचा कान तेवढा शाबूत राहिला, तो आईला देईन. बाकीचे रुमालात बांधून गुरुवारच्या बसने घेऊन येतो. बस दालनाशीच थांबते म्हणे. आमचा धाकटा त्या कपातून चहा कसा प्यायचा ते तुम्हाला सांगेन. लावायचे मात्र तुम्ही.

तुम्ही दाराशी असाल तर उतरेन.

आपला,
चिमणीचा दादा