मारुतीकडे पाठ केलेले बैल

प्रिय हिरू,

उद्या पोळा. आज संध्याकाळी नामा मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "अक्का, एकदाचं सांग. फोडू का ऱ्हाऊ दिऊ?"

मी म्हटलं, सकाळी ये. तो गेला आणि मी कागद पुढ्यात ओढला. हे ज्याला विचारायचं तो तू! आणि तू तर फाल्गुनातच गेलास. तिकडे इटलीत, कामाच्या बाकावर डोकं टेकून, हातातला चिमटाही न सोडता. आता उत्तर कुणाकडून आणू?

तुझ्या अक्काला बोलता येतं, एवढंच तर येतं. पौडच्या कचेरीसमोर मी उभी राहिले की आतले साहेब पंखा बंद करून ऐकतात, असं लोक म्हणतात. डोंगर पोखरणाऱ्यांना मी सोडलं नाही, जमीन विकून बुलेट उडवणाऱ्या आपल्याच भावकीलाही सोडलं नाही. पण मला समोर कुणीतरी लागतं रे. ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असं कुणीतरी. तुझ्या भिंतीपुढे मी गेले कित्येक दिवस उभी राहते, आणि बोट कुणाकडेच वळत नाही.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक असलेलंही सांगते, कारण त्याशिवाय मला पुढचं लिहवणार नाही.

मोझॅक, म्हणजे दगड-काचेच्या तुकड्यांची चित्रं, शिकायला परदेशी जातोय म्हणालास, तेव्हा आबांचा चेहरा आठवतो? "मोझॅक? म्हंजी फरशी? आरं, पिरंगुटात काय कमी दुकानं हायेत फरशीची? त्यापायी समुद्र वलांडायचा?" शेवटपर्यंत ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, थोरली भाषणं ठोकते आणि धाकटा इटलीत फरशी बसवतोय. मी चिडायचे. तू मात्र हसून म्हणायचास, "बरोबरच हाय की आबा. उभी फरशी!"

पहिली काही वर्षं तू दुसऱ्यांच्या भिंती सावरल्यास. जुन्या देवळांच्या कमानींतले गळून पडलेले तुकडे, तसाच दगड शोधून, तसाच फोडून, पुन्हा जागेवर. काम चांगलं झालं की ते झालंय हेच दिसत नसे. मला याचा संताप यायचा. "नाव कुठंय तुझं त्या भिंतीवर?" मी फोनवर ओरडले होते. "अक्का, नाव दिसलं तर काम बिघडलं म्हणायचं." हे कसलं उत्तर झालं? जगभरच्या चळवळींची पुस्तकं वाचलेल्या बाईला असं गप्प करतात का?

मग खेळणी. थंडीत तिकडे सिमेंट धरत नाही, म्हणून हात रिकामे राहू नयेत यासाठी तू लाकडी बैल करायला बसलास. आपल्याकडे पांगाऱ्याच्या लाकडाचे करायचास तसेच, मानेला आतून दोरी आणि खाली वजन, हात लावला की बैल मान हलवणारा. रविवारच्या बाजारात ते मांडलेस, आणि ज्या गावाला तुझ्या भिंती दिसल्या नव्हत्या त्या गावाला तुझे बैल दिसले. पोरं रस्त्यात तुला थांबवायची. एकीने मोडक्या मानेचा बैल रुमालात गुंडाळून आणला होता, डॉक्टरकडे आणावा तसा. त्या बैलांमुळेच तिथल्या शाळेने तुला अंगणातली अख्खी भिंत दिली. ती तुझी पहिली स्वतःची भिंत. किती आनंदाने सांगितलं होतंस! आणि मी काय विचारलं? "जेवलास का?"

तिकडच्या घराघरांत तुझे बैल आहेत, हिरू. आपल्या गावात एकच आहे, माझ्या पुस्तकांच्या फळीवर. गावच्या पोरांना पुढच्या खेपेला आणीन म्हणायचास. पुढची खेप! मेल्या, कसली रे ती पुढची खेप?

गेल्या वर्षी तुझा फोन आला. "मारुतीच्या पारामागची भिंत रंगवू नका. पोळ्याला बैल मिरवतात ना, तिथंच आबांचे बैल लावणार. हरण्या आणि नंद्या. देवाकडं चाललेले." माघात लाकडी पेटी आली. तू फाल्गुन संपता संपता येणार होतास, स्वतः भिंत लावणार होतास. म्हणून पेटीत एक चिठ्ठीसुद्धा टाकली नाहीस. कशाला टाकशील? मागोमाग माणूस येणार म्हटल्यावर चिठ्ठी कोण टाकतं?

माणूस आला नाही. फोन आला.

तुला तिकडेच अग्नी दिला. इथे ना देह, ना रक्षा, ना खांदा द्यायला काही. गावाच्या हातांना काही कामच उरलं नाही. पारावर लोक नुसते येऊन बसायचे आणि उठून जायचे. मग तुझा वर्गमित्र नामाच म्हणाला, "अक्का, अक्षय तृतीया येतीया. पितरांचा दिवस. हिरूचे बैल आपुन लावू." सगळ्या गावाने मान हलवली. मीही हलवली.

आणि नामाला काय कमी येतं? कासार आंबोलीच्या बंगल्यांतले निम्मे पोहायचे तलाव त्याच्या हातचे. तिथे ती बारीक मोझॅक टाइल येते, पाठीला जाळी चिकटवलेली. जाळी भिंतीकडे, रंग आपल्याकडे. तुझी पेटी उघडली तर चौकोनी तुकडे निघाले, एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला खाकी कागद आणि कागदावर आकडे. नामाने कागद बघितला, म्हणाला, "ही पाठ." तू असतास तर तुझं काय झालं असतं कोण जाणे. पण आमच्यापैकी कुणालाही शंका आली नाही. दगड दिसतोय ते तोंड, कागद दिसतोय ती पाठ. दुसरं काय समजणार?

मन लावून केलं रे त्याने. चित्र जुळवत एकेक तुकडा बसवला, फटींत पांढरं सिमेंट भरलं, ओल्या फडक्याने पुसलं. एक पैसा घेतला नाही, वर गवंड्यांना जेवण त्याच्या घरचं.

गाव बघायला जमलं. थोडं कुजबुजलंही. बैलांची शिंगं हिरवट, बाटलीच्या काचेसारखी. "शेवाळली का काय?" म्हाताऱ्या गंगूबाई म्हणाल्या. आणि बैल मारुतीकडे नव्हे, रस्त्याकडे तोंड करून चाललेले! कुणीतरी मागून म्हणालं, "आता बैल बी जमीन इकून हिंजवडीला निगाले म्हना!" सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, हिरूला हेच सांगायचंय, पोरगा शेवटी माझ्यावर गेला. तिथेच उभी राहून मी त्यावर भाषण केलं. टाळ्या पडल्या.

ज्येष्ठात जुलिया तुझी रक्षा घेऊन आली. तुझ्या शेजारच्या बाकावर काम करणारी, तुझ्याकडून "चल", "बस" आणि "भाकरी" एवढं मराठी शिकलेली. मी तिला मोठ्या अभिमानाने पारावर नेलं. नामा नवा शर्ट घालून आला होता. ती भिंतीजवळ गेली, दोन्ही तळवे टेकवले आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं नमस्कार करतेय.

मग वळली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "अक्का, ही पाठ आहे."

तिनेच समजावलं. तुम्ही कारागीर चित्र उलटं करता, तोंड कागदाला चिकटवून. काम करणाऱ्याला कायम पाठच दिसते. लावताना पाठ सिमेंटमध्ये दाबायची, मग कागद भिजवून सोलायचा, आणि तेव्हाच चित्र पहिल्यांदा डोळे उघडतं, तुमच्याही समोर. नामाने मला विचारलं, "काय म्हनतीया?" मी सांगितलं. तो पाराच्या कडेवर बसला. "अक्का, पोहायच्या तलावाला तर कागद मागंच... जाळी मागंच आसती न्हवं?" एवढंच पुन्हा पुन्हा. जुलिया त्याच्याशेजारी बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवून. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघंही रडत होती.

आता सांग, कुणावर ओरडू? नामावर? त्याने जिवापाड केलं. तुझ्यावर? मेलेल्यावर ओरडून काय मिळतं? बंगलेवाल्यांच्या ज्या तलावांविरुद्ध मी ग्रामसभेत घसा फोडला, त्याच तलावांनी माझ्या भावाचे बैल उलटे लावायला शिकवलं, असं वाक्य मला सुचलं. छान आहे ना? टाळीचं आहे. मी ते कुठेच बोलले नाही.

जुलिया जाताना सांगून गेली. कागद पिठाच्या खळीने चिकटवलेला आहे, पाणी लागलं की सुटेल. वाचवायचं तर वरून तसंच खळीने कापड चिकटवा, वाळू द्या, आणि पातळ पात्याने मागून हळूहळू सोडवा. पण कोरड्या दिवसांत. ओल्या भिंतीवर नाही.

कोरडे दिवस! मुळशीत, ज्येष्ठ सरताना! श्रावणभर असा कोसळला की भाताची खाचरं आणि रस्ता एक झाले. आम्ही ताडपत्री बांधली, वाऱ्याने ती नेली. पुन्हा बांधली. पाणी वरून नाही, भिंतीच्या पोटातून आलं. आतला कागद फुगला. भिंतीला पोट आलं. मग तुकडे पडायला लागले, आधी गवत, मग नंद्याचा खूर. मी छत्री धरून समोर उभी. हाताने दाबून धरावं तर दाबल्याने अजून सुटतं. आयुष्यात इतकी निरुपयोगी मी कधी झाले नव्हते.

म्हणून नामा विचारतो, फोडू का? फोडलं तर दगड फुटतील, पण भिंत मोकळी होईल आणि त्याला रोज समोरून जाताना मान खाली घालावी लागणार नाही. ठेवलं तर डोळ्यांदेखत एकेक अवयव गळेल. दसऱ्यापर्यंत काय उरेल, सांगता येत नाही. पुन्हा लावणारा तर कुणीच नाही.

पण आज नामा येण्याआधी एक झालं. पारामागे गेले तर चिखलात तळहाताएवढा तुकडा पडला होता. हरण्याचं शिंग. तोंड वर करून पडला होता. तोंडावरचा कागद गळून गेलेला, अंगावर पाण्याचे थेंब.

हिरू, ते सोन्याचं होतं.

हिरवट काचेच्या त्या बाजूला सोन्याचा वर्ख. मी तिथेच चिखलात बसले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा शिंगं घासायचे, हिंगूळ लावायचे, वर सोनेरी बेगड चिकटवायचे. खाली पडलेली बेगडीची कात्रणं तू वेचायचास आणि मातीच्या बैलांना लावायचास. आबा ओरडायचे, "आरं, त्यो मातीचा हाय, त्याला कशापायी?" तू म्हणायचास, "त्याचा बी पोळा हाय की." तीच बेगड लावलीस ना रे तू? आणि आम्ही ती भिंतीकडे तोंड करून लिंपून टाकली. शेवाळ म्हणालो.

सगळं चित्र असंच असणार. देवाकडे चाललेलं, बेगड लावलेलं. ते अख्खं आम्हाला कधी दिसणार नाही, हे आता मला कळलंय. कुठल्याही भाषणाने भिंत वळत नाही.

तरी सकाळी नामाला मी हातोडा घरी ठेव म्हणणार आहे. पीठ आणायला सांगणार आहे. खळ करू, आईच्या जुन्या लुगड्यांचं कापड लावू, जिथे भिंत जरा सुकलीय तिथून सुरुवात करू. जमेल असं म्हणत नाही. बहुधा जमणार नाही. पण त्याच्या हातांना काम हवंय, आणि माझ्याही.

गावात आता खरे बैल दोन-तीन घरांतच उरलेत. ते उद्या पारावर येतील. त्यांना ओवाळून झालं की भिंतीतल्यांनाही ओवाळीन, पाठमोरे असले तरी. लोक "अक्का, दोन शब्द बोल" म्हणतील. बोलणार नाही. तुला एवढंच वचन देते, त्या भिंतीपुढे मी पुन्हा तोंड उघडणार नाही. जो तुकडा पडेल तो मी उचलीन, धुईन, आणि घरात ठेवताना तोंड वर करूनच ठेवीन.

तुझी,
अक्का