पुण्याहून आलेला फोन आणि माझा संग्रह

लिहून ठेवतो ते असे, की मी वजीर रसूल नदाफ, वय एक्कावन्न, धंदा गादी कारखाना, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप शाबूत नाही. ती बदलून घेण्यासाठी मला येत्या सतरा तारखेला मिरजेच्या इस्पितळात दाखल व्हायचे आहे. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. हे मी कोणाच्या धाकाने वा आग्रहाने लिहीत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि बरा झालो तरी यातले एक अक्षर मागे घेणार नाही.

कलम १. राहते घर, कारखाना, पिंजण्याचे यंत्र व बँकेतील रक्कम शरियतप्रमाणे पत्नी जरिना, मुलगी अर्फा व धाकटा भाऊ तारिक यांच्यात वाटली जावी. तारिक माझ्या गाण्यांना तीस वर्षे ‘पत्र्यावरच्या गारा’ म्हणत आला आहे. तरी त्याचा हिस्सा त्याला विनातक्रार मिळावा. वारस नसलेल्या माणसाला एक तृतीयांशापर्यंत देता येते, असे माझ्या वकील समीक्षा गुरव यांनी सांगितले. पुढचे सगळे त्यातलेच आहे.

कलम २. माझा पॉवर मेटलचा संग्रह, म्हणजे एकशे चाळीस कॅसेट व सीडी, डेक आणि दोन मोठे स्पीकर, माझा मित्र वीरधवल लालासाहेब खोत, राहणार कारंदवाडी, धंदा ऊसशेती, यास द्यावा.

वकीलबाईंनी विचारले, “पॉवर मेटल म्हणजे काय हो?” म्हणून लिहितो. वाऱ्यासारखी पळणारी गिटार, दोन्ही पायांनी बडवलेला ड्रम आणि त्यावर गळा फाटतो की काय असे वाटेपर्यंत वर चढणारा गायक. गाणी राजांची, तलवारींची, गरुडांची. १९९६ साली वीरधवलच्या फौजी मामांनी पुण्याच्या कॅम्पातून व्हाल्डेनहॉर्न नावाच्या बँडची कॅसेट आणली, तेव्हा आम्ही दोघे इस्लामपूरला कॉलेजात होतो. नाव इंग्रजी होते. आम्ही तिला ‘काचेचा किल्ला’ म्हणू लागलो.

कलम ३. संग्रह देताना माझे मतही नोंदवतो, कारण ते माझ्यामागे खोडले जाईल अशी मला खात्री आहे. ‘काचेचा किल्ला’ हा त्या बँडचा सर्वांत थोर अल्बम होय. त्यातला गायक सगळेच सूर गाठत नाही, पण धडपडतो, आणि ती धडपड ऐकू येते. चौथा अल्बम, ज्याला आम्ही ‘राखेतला राजा’ म्हणतो, त्यात नवा गायक आला. तो कितीही वर जातो आणि त्याला घाम येत नाही. त्यात कीबोर्ड इतका आहे की कान चिकट होतात. वीरधवलला तोच अल्बम थोर वाटतो. वाटणारच. त्याचा स्वतःचा गळा तसा आहे.

माझी मुलगी अर्फाही आता ‘राखेतला राजा’च म्हणते. मी वाद घातला तर म्हणाली, “अब्बा, काकांना सुरातलं कळतं. तुम्हाला कव्हरवरची चित्रं आवडतात.” मुलीला डेकसमोर मांडीवर घेऊन बसलो मी, आणि मान डोलावते ती त्याच्याकडे बघून. ही तक्रार समजावी, दावा नव्हे.

कलम ४. हे कलम लिहिण्यासाठीच मी कागद घेतला आहे.

२००१ साली पुण्यातल्या एका नव्या बँडला गायक हवा होता. वीरधवलने आमच्या कापसाच्या गोदामात उभे राहून कॅसेट भरली. चारी बाजूंना गाद्या रचल्या होत्या, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. बटण मी दाबले. त्याने शेवटचा सूर असा धरला की माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी वाटले, हा थांबावा. त्याच्या रानातल्या घरी फोन नव्हता म्हणून त्याने माझ्या दुकानाचा पत्ता व नंबर कळवला. तो गेल्यावर मी माझीही एक कॅसेट भरली आणि त्याला न सांगता धाडली.

तीन आठवड्यांनी मंगळवारी दुपारी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, “तुमच्या पत्त्यावरून दोन कॅसेट आल्यात. खोत यांना रविवारी अकरा वाजता पाठवा. दुसऱ्याला नको.” मी म्हणालो, “सांगतो.”

मी सांगितले नाही.

वीरधवल रोज सायकल मारत यायचा. “फोन आला का रं?” मी उशीत कापूस भरत म्हणायचो, “न्हाई गड्या.” सहा आठवडे तो विचारत राहिला. मग त्याने विचारणे सोडले. त्या वर्षी त्याच्या वडिलांचा पाय मोडला आणि तो उसात उतरला तो कायमचा. माझी चूक पायामुळे झाकली गेली. लोक म्हणत, घरचं अंगावर पडलं म्हणून पोराला जाता आलं नाही. मीही तेच म्हणू लागलो.

कलम ५. गेल्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी त्याला कारखान्यात बोलावले आणि सांगितले. काय घडले ते जसेच्या तसे नोंदवतो.

तो म्हणाला, “कोन आडवं आलंवतं म्हनून सांगितलं न्हाईस?”

“कोनी न्हाई. माझी कॅसेट त्यांनी घेतली न्हाई. तुझी घेतली.”

त्याने गादीचा एक टाका उसवला. मग म्हणाला, “गेलो असतो आन् पडलो असतो, तर पडलो असतो. पर काय झालं असतं ते मला कळलं असतं. ते बी तू ठिवून घेतलंस, वजीर.” चपला घालून तो निघून गेला.

वकीलबाईंना मी विचारले, नुकसानभरपाई म्हणून काय लिहू? त्या म्हणाल्या, “जे तुमच्याजवळ नाही, ते मृत्युपत्रानं देता येत नाही.” म्हणून तो रविवार मी मालमत्तेच्या यादीत लिहिलेला नाही. वीरधवलने संग्रह नाकारला, तर तो अर्फाने ठेवावा. माझ्या मयतीला त्याने यावे अशी अपेक्षा धरू नये.

कलम ६. काल, रविवारी सकाळी, तो आपण होऊन आला. जरिनाने चहा ठेवला, त्याने घेतला नाही. म्हणाला, “त्या पुन्याच्या पोरांचं पुढं काय झालं?” त्यांनी एकच अल्बम काढला होता. मी तो २००३ साली मागवून कपाटात मागे दडवला होता. तो काढून दिला. “लाव,” म्हणाला.

नऊ गाणी त्याने डोळे मिटून ऐकली. गिटार चांगली आहे. गायकाला वीरधवलच्या नखाची सर नाही, हे मी बावीस वर्षे जाणून आहे आणि आज लेखी देतो. सहाव्या गाण्यात तो गायक वरच्या सुराच्या अलीकडेच थांबतो. तिथे वीरधवलने हात वर केला आणि म्हणाला, “हितनं मी वर गेलो असतो.” आणि तो त्या सुरावर गेला. पन्नाशीचा, उसाच्या पाचटाने खरचटलेल्या हातांचा माणूस, बसल्या जागेवरून. दारात अर्फा तोंडावर हात ठेवून उभी होती.

मी त्या वेळी रडलो, असे ती सांगेल. ते खरे आहे. पण पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे म्हणून हेही नोंदवतो, की तेवढ्यातही माझ्या पोटात दुखलेच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. दोघा साक्षीदारांच्या देखत, त्यांनी मला व मी त्यांना पाहत असताना, सही केली.

लिहून ठेवणार: वजीर रसूल नदाफ (सही)

साक्षीदार १: शंभूराज बाबासो पाटील, राहणार आष्टा (सही)
साक्षीदार २: नौशीन इक्बाल आत्तार, राहणार इस्लामपूर (सही)

स्थळ: आष्टा. दिनांक: १० नोव्हेंबर २०२५